एकाच वेळी चार-पाच लिटररी एजंटना पुस्तक पाठवलं तर चालतं का?

२०२२ मध्ये हिंदीतून आणि २०२५ मध्ये कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकांना इंटरनॅशनल बुकर मिळालं आणि तेव्हापासून पुण्यातल्या लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या मंडळींमध्ये एक प्रश्न सारखा ऐकू येतोय, की मराठी पुस्तक तिकडे न्यायचं तर नेमकं कोणाला गाठायचं. या बक्षिसाचे ५० हजार पौंड लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण त्यासाठी पुस्तक ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेलं असावं लागतं ही अट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आणि तिथले बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाने थेट पाठवलेलं हस्तलिखित बघतच नाहीत, एजंटकडून आलं तरच बघतात. म्हणजे सगळं येऊन अडतं ते एजंटपाशी.

मग पुढची शंका. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे गप्पा मारतानासुद्धा हीच निघते: चार-पाच एजंटना एकदम पाठवलं तर चालतं का, की एकाने नाही म्हटल्यावरच दुसऱ्याकडे जायचं?

चालतं. तिकडे सगळे तसंच करतात आणि एजंटही तसंच धरून चालतात. फक्त त्याचे काही शिरस्ते आहेत, ते आपल्या मराठी शिरस्त्यांपेक्षा वेगळे आहेत, आणि आपली माणसं तिथेच घुटमळतात. म्हणून जरा मुळापासून सांगते.

## एजंट म्हणजे नक्की कोण

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये कोणी नसतं. आपण हस्तलिखित घेऊन प्रकाशकाच्या ऑफिसात जातो, ते वाचतात, पटलं तर छापतात. इंग्रजी पुस्तकांच्या जगात मध्ये एजंट असतो. तो तुमच्या बाजूने काम करतो, म्हणजे हस्तलिखितात सुधारणा सुचवतो, कोणत्या प्रकाशनातल्या कोणत्या संपादकाला हे आवडेल ते त्याला माहीत असतं, तिथे पाठवतो, पैशांची घासाघीस करतो, करार कलम-कलम वाचतो आणि सिनेमाचे, इतर भाषांचे हक्क वेगळे विकतो. याबदल्यात तुम्हाला जे मिळेल त्यातला हिस्सा घेतो, साधारण देशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के. पुस्तक विकलं गेलं नाही तर त्याला काही मिळत नाही.

आपल्या देशातही एजन्सी आहेत, सियाही, जॅकरांडा, रायटर्स साइड वगैरे, पण त्यांचं काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं आणि इंग्रजीत होणाऱ्या भाषांतरांचं.

इथेच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाचायचे पैसे, नोंदणी फी, "प्रोसेसिंग" असलं काही आधी मागणाऱ्या माणसाकडे अजिबात जाऊ नका. ब्रिटनमधली असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स आणि अमेरिकेतली असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स या दोन्ही संघटना आपल्या सभासदांना वाचनाची फी घेऊ देत नाहीत. निवृत्तीनंतर लिहायला बसलेली, मनापासून लिहिणारी माणसं असल्या फीला भुलतात आणि ते बघून फार वाईट वाटतं.

## क्वेरी म्हणजे काय पाठवायचं

क्वेरी म्हणजे एजंटला लिहिलेलं एका पानाचं पत्र. पुस्तक कोणत्या प्रकारचं, किती शब्दांचं, त्यात काय घडतं, तुम्ही कोण, आणि याच एजंटला का लिहिताय, एवढंच त्यात. लंडनच्या एजन्सी सहसा त्याबरोबर पहिली तीन प्रकरणं किंवा पहिले दहा हजार शब्द, आणि शेवटासकट सगळं सांगणारा एक पानी सारांश मागतात. अमेरिकेतले बरेच जण फक्त पत्र आणि पहिली पाच-दहा पानं मागतात, तीही मेलमध्येच पेस्ट केलेली, कारण अनोळखी माणसाची अटॅचमेंट ते उघडत नाहीत. काहींचे ऑनलाइन फॉर्म असतात. प्रत्येकाच्या वेबसाइटवर हे लिहिलेलं असतं आणि ते जसंच्या तसं पाळायचं.

एजंटला पानं आवडली तर तो पूर्ण हस्तलिखित मागवतो, त्याला सगळे फुल रिक्वेस्ट म्हणतात. म्हणून कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय क्वेरी पाठवूच नका, कारण उद्या सकाळी कोणी फुल मागितलं आणि तुमच्याकडे सहाच प्रकरणं तयार असली तर काय पाठवणार? वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकाचं वेगळं असतं, तिथे प्रपोजल, म्हणजे पुस्तकाचा आराखडा, आणि एक-दोन नमुना प्रकरणं चालतात.

## मग एकदम अनेकांना का पाठवायचं

साधा हिशोब करा. समजा एक एजंट उत्तर द्यायला तीन महिने घेतो, आणि हे काही जास्त धरलेलं नाही. एकाचं उत्तर आल्यावरच दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं तर वर्षात चारच जण होतात. वीस जणांची यादी असेल तर पाच वर्षं गेली, आणि त्यातले कित्येक जण उत्तरच देत नाहीत, म्हणजे तुम्ही नुसती वाटच बघत बसणार. असा नियम कोणी खरंच पाळायला लागला तर त्याने लिहिणं सोडून द्यावं अशीच वेळ येईल.

आपल्या पुण्यातलं रोजचं उदाहरण घ्या. हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरी शोधणारा मुलगा एका कंपनीला रेझ्युमे पाठवून तिचं उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसतो का? तो दहा ठिकाणी पाठवतो, तीन ठिकाणी इंटरव्ह्यू देतो, एका ठिकाणची ऑफर आली की बाकीच्या दोघांना नीट कळवतो की माझ्याकडे ऑफर आहे, तुमचं काय ते अमुक तारखेपर्यंत सांगा, आणि एकदा जॉइन झाला की तिथलाच होतो. एचआरवाल्यांना यात काही गैर वाटत नाही, ते हे गृहीतच धरतात. एजंटांचं अगदी असंच आहे. एक फरक मात्र मोठा आहे, इथे पगार तुम्ही देणार आहात, तुमच्या कमाईतून, म्हणजे माणूस तुम्ही नेमताय, आणि नेमणाऱ्याने चार जणांना भेटून बघायला नको का?

## "पण दिवाळी अंकाला तर असं चालत नाही"

हो, नाहीच चालत, आणि माझ्या मते मराठी लेखकाचा सगळा संकोच इथूनच येतो. एकच कथा दोन दिवाळी अंकांना पाठवायची नाही हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की पाच एजंटना मेल करताना आपण काहीतरी लबाडी करतोय असं वाटायला लागतं.

तो नियम तिथे बरोबरच आहे. दिवाळी अंकाचा संपादक तुमची कथा ठेवून घेतो, पानं राखून ठेवतो, चित्रकाराकडून चित्र काढून घेतो, आणि तीच कथा दुसऱ्या अंकातही आली तर दोघांचीही फजिती होते, वाचकालाही फसल्यासारखं होतं. एजंट असं काही छापत नाही. पाच जणांनी एकच हस्तलिखित वाचलं तर पुस्तक काही पाच ठिकाणी येत नाही, शेवटी करार एकाशीच होतो. बाकीच्या चौघांचा वाचायचा वेळ गेला हे खरं, पण तो त्यांच्या धंद्याचाच भाग आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण आधी थोडीच पानं मागतात, सगळं मागत नाहीत.

"त्यांना कळलं तर?" अहो, कळू द्या. काही जण फॉर्ममध्येच विचारतात की आणखी कोणाकडे पाठवलंय का, तिथे सरळ हो लिहायचं. पत्रातही एक ओळ टाकता येते की हे मी इतर एजंटनाही पाठवत आहे. कोणाकोणाला ती नावं द्यायची गरज नाही.

## मग यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवून मोकळं व्हायचं का

नाही, इथे मी जरा हात धरून थांबवेन. पाच ते दहा जणांचा एक गट करा आणि तेवढ्यांना पाठवा. का, तर तुमचं पत्र चांगलं आहे का हे पहिल्या गटाच्या उत्तरांवरूनच कळतं. आठ जणांना पाठवलं आणि एकानेही पुढची पानं मागितली नाहीत, तर गडबड बहुतेक पत्रात किंवा पहिल्या पानांत आहे, ती दुरुस्त करून पुढच्या गटाला पाठवता येतं. दोघांनी फुल मागवून मग नाही म्हटलं, तर पत्र ठीक आहे आणि पुस्तकाच्या मधल्या भागाकडे बघायला हवं. सगळी यादी एका रात्रीत संपवलीत तर दुरुस्त केलेलं कोणाला दाखवणार? एकदा नाही म्हटलेला एजंट तेच पुस्तक सहसा पुन्हा बघत नाही, फार मोठा बदल केला असेल तरच बघतो.

पहिल्या गटात सगळे आपले अगदी आवडते एजंटही घालू नका आणि सगळे दुय्यमही घालू नका, मिसळ असू द्या. आणि ज्याच्याशी करार करायची आपली इच्छाच नाही अशाला सरावासाठी म्हणून पाठवणं मला बिलकुल पटत नाही, त्याने हो म्हटलं तर तुमचीही पंचाईत आणि त्याचाही वेळ वाया.

माझी एक मैत्रीण सहकारनगरला राहते, तिच्या मामांच्या कादंबरीचं तिने इंग्रजी भाषांतर केलंय. तिने यादी दाखवली तेव्हा एक्सेलमध्ये सगळं छान मांडलेलं होतं, नाव, एजन्सी, काय मागतात, कधी पाठवायचं, उत्तर काय आलं, सगळे कॉलम. पण चौथ्या आणि नवव्या ओळीत एजन्सी एकच होती. म्हटलं, "अगं, हे दोघं एकाच ऑफिसात बसतात, यातला एकच निवड." एकाच एजन्सीतल्या दोघांना एकाच वेळी पाठवायचं नाही हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे. काही एजन्सींमध्ये एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार धरतात, काहींमध्ये पहिल्याचं नाही आल्यावर दुसऱ्याला पाठवता येतं, ते त्यांच्या साइटवर बघायचं. बऱ्याचदा आवडलेली पानं ते आपापसात पुढेही सरकवतात.

आणखी एक. प्रत्येकाला वेगळा मेल. एकाच मेलमध्ये दहा पत्ते टाकून "प्रिय एजंट" असं लिहिलेलं पत्र न वाचताच जातं. कॉपी-पेस्ट करताना आधीच्याचं नाव राहिलं नाही ना, हे पाठवायच्या आधी मोठ्याने वाचून बघा.

नावं कुठून शोधायची हेही बरेच जण विचारतात. क्वेरीट्रॅकर नावाची साइट आहे, तिथे फुकट खातं उघडून शोधता येतं आणि कोणाला कधी पाठवलं याची नोंदही ठेवता येते. पण मला आवडणारा मार्ग वेगळा आहे. कुठल्याही चांगल्या लायब्ररीत किंवा पुस्तकांच्या दुकानात जा, तुमच्या पुस्तकाच्या जातकुळीची अलीकडची इंग्रजी पुस्तकं काढा आणि शेवटचं ऋणनिर्देशाचं पान उघडा. तिथे लेखक बहुतेक वेळा एजंटचे आभार मानतोच. या पुस्तकाचे तुम्ही एजंट होतात म्हणून तुम्हाला लिहितोय, असं खरं-खरं लिहिता आलं की पत्राला वजन येतं.

## एजंटकडे आणि प्रकाशकाकडे एकदम?

हे मात्र टाळा. भारतातले काही इंग्रजी प्रकाशक लेखकांकडून थेट हस्तलिखितं घेतात, त्यामुळे मोह होतो की दोन्हीकडे टाकून बघू. पण चार प्रकाशकांनी आधीच नाही म्हटलेलं असेल तर एजंटच्या हातात उरतं काय, त्याच प्रकाशकांकडे तेच पुस्तक तो परत नेऊ शकत नाही. आधीच कुठे पाठवलं असेल तर एजंटला स्पष्ट सांगा, लपवू नका.

## "फक्त आम्हालाच पाठवा" असं म्हणाले तर

याला एक्सक्लुझिव म्हणतात. काही थोडे एजंट फुल मागवताना म्हणतात की आम्ही वाचेपर्यंत दुसऱ्या कोणाला दाखवू नका. नको तिथे भिडस्तपणा करून लगेच हो म्हणू नका. फुल आधीच दुसऱ्या कोणाकडे असेल तर तेच खरं ते कळवा, बहुतेक जण तरीही वाचतात. कोणाकडे नसेल आणि हा एजंट तुम्हाला मनापासून हवा असेल तर द्या, पण तारीख घालून, चार किंवा सहा आठवडे, त्यानंतर मी इतरांना दाखवीन असं लिहून. मुदत न घालता दिलेला एक्सक्लुझिव म्हणजे पुन्हा एकेकाची वाट बघणं आलं. आणि एकदा शब्द दिला की तेवढे आठवडे पाळायचाच.

## एकाने हो म्हटलं की

एजंटला पुस्तक घ्यायचं असेल तर तो फोन किंवा व्हिडिओ कॉल ठरवतो आणि त्यात सांगतो की मला तुमचं प्रतिनिधित्व करायचं आहे. आपला माणूस इतका हरखून जातो की तिथल्या तिथे हो म्हणतो. म्हणू नका. आनंद झाला हे जरूर सांगा आणि दोन आठवड्यांची मुदत मागा, तेवढी मागायची रीतच आहे, चांगला एजंट स्वतःहून देतो. त्याच कॉलवर विचारून घ्या: पुस्तकात काय बदल हवेत, कोणत्या प्रकाशकांकडे न्यायचा विचार आहे, कमिशन किती, परदेशी हक्क कोण बघणार, आणि पटलं नाही तर करार किती दिवसांच्या नोटिशीवर संपवता येतो.

मग त्याच दिवशी बाकीच्यांना मेल. ज्यांच्याकडे फुल आहे त्यांना तर नक्कीच, आणि ज्यांच्याकडे नुसती क्वेरी पडून आहे त्यांनाही. विषयाच्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि "ऑफर ऑफ रिप्रेझेंटेशन" हे शब्द, आणि आत इंग्रजीत साधारण एवढंच:

"अमुक तारखेला मी तुम्हाला माझी कादंबरी पाठवली होती. मला एका एजंटकडून प्रतिनिधित्वाची ऑफर आली आहे आणि मी त्यांना १४ तारखेपर्यंत उत्तर देणार आहे. तुम्हाला वाचायची इच्छा असेल तर त्याआधी कळवाल का? पूर्ण हस्तलिखित लगेच पाठवू शकेन."

ऑफर कोणाची ते सांगायची सक्ती नाही. महिनोन् महिने गप्प असलेले लोक या मेलनंतर दोन दिवसांत वाचायला घेतात, आणि काही जण वेळ नाही म्हणून शुभेच्छा देऊन बाजूला होतात, दोन्ही ठीक.

दोन गोष्टी इथे खरोखर चुकीच्या आहेत आणि त्यांनी नाव खराब होतं. ऑफर आलेली नसताना घाई करवण्यासाठी आली आहे असं सांगणं, ही एक. हे जग छोटं आहे, एजंट एकमेकांशी बोलतात. आणि दुसरी, ऑफर आल्यावर ती दाखवून नव्याच माणसांना क्वेरी पाठवत सुटणं. जे आधीपासून रांगेत होते त्यांनाच कळवायचं. निर्णय झाला की उरलेल्या सगळ्यांना दोन ओळींत आभार मानून पुस्तक मागे घेतल्याचं कळवा, अगदी उत्तर न दिलेल्यांनाही.

## भाषांतर करणाऱ्यांनी आधी हे बघा

भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो. त्यामुळे एका एजंटला पाठवा नाहीतर दहा, लेखी परवानगी हातात हवी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि ती वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. मैत्रिणीचे मामा २००४ साली गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. तिला वाटत होतं घरातलंच तर आहे, मामी थोडीच नाही म्हणणार. पण एजंट हे विचारतोच, आणि पुढे करारात अडतं. तिने मामी आणि दोन्ही मामेभाऊ अशा तिघांच्या सह्या घेतल्या. शिवाय मूळ मराठी प्रकाशकाशी झालेला जुना करार शोधून काढला, भाषांतराचे हक्क त्यात प्रकाशकाला दिलेत का ते बघायला. जुन्या मराठी पुस्तकांत शीर्षकाच्या पानामागे हक्क कोणाच्या नावे आहेत ते छापलेलं असतं, तिथून सुरुवात करा, पण तेवढ्यावर थांबू नका, कागद बघा.

## "इतक्या जणांना दाखवलं आणि कोणी चोरलं तर?"

ही भीती समजू शकते, वर्षानुवर्षं घालवून लिहिलेलं असतं. कायद्याने तुम्ही लिहिलंत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, हवी तर करता येते. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. आणि एजंटची कमाई तुमचं पुस्तक तुमच्या नावाने विकण्यात आहे, त्यामुळे खऱ्या एजंटकडून हा धोका जवळजवळ नाहीच. खोट्या एजंटपासून सांभाळायचं, आणि तो ओळखायची खूण वर सांगितली, आधी पैसे मागतो तो.

## आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं. काही एजन्सी साइटवर लिहूनच ठेवतात की आठ किंवा बारा आठवड्यांत कळवलं नाही तर नकार समजा. तिथे आठवण करायची नाही, शीटमध्ये नोंद करून पुढे जायचं. जिथे असं लिहिलेलं नाही तिथे तीन महिन्यांनी एक नम्र मेल, एकच. फुल घेऊन गप्प बसले असतील तर साधारण तीन-चार महिन्यांनी विचारलेलं चालतं, त्यात उद्धटपणा काही नाही. फोन करू नका, फेसबुकवर मेसेज करू नका. एक नकार आला किंवा मुदत उलटली की त्याच आठवड्यात पुढच्या गटातलं एक नाव उचला आणि पत्र पाठवा, म्हणजे कुठे ना कुठे तुमचं पुस्तक वाचलं जात राहील.